सतरा नंबरचा फॉर्म

आज यवतमाळ जिल्ह्यातील एका पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, १९ वर्षांच्या मुलीसोबत ओसरीत बसून बारावीचा १७ नंबरचा, म्हणजे खासगीरीत्या परीक्षेला बसण्याचा, फॉर्म भरला. पाळण्याची दोरी तिने पायाच्या अंगठ्याला बांधली होती आणि मांडीवर राज्यशास्त्राचे पुस्तक होते. गेल्या वर्षी पोट दिसू लागल्यावर, लेखी काहीही न देता, कनिष्ठ महाविद्यालयाने तिच्या हाती फक्त दाखला ठेवला, हे ऐकून मला फार वाईट वाटले आणि खरे तर संतापही आला.

खासगीरीत्या बसले तर रोज वर्गात जावे लागत नाही, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत तर नोंदणी ५ वर्षे टिकून परीक्षेच्या ९ संधी मिळतात. पण अंगावर पिणारे बाळ घरी ठेवून तीन तासांचा पेपर कसा द्यायचा, हा तिचा प्रश्न या सगळ्याहून मोठा होता. तो तिच्या आईनेच सोडवला. "मी येतो ना मॅडम सेंटरवर, लेकरू मी पाहतो."

सही करताना तिने विचारले, आडनाव माहेरचे लिहू की सासरचे? दाखल्यावर आहे तेच लिही, असे मी सांगितले.