आमची वाटचाल : बेसा रोडवरची शेड

आमच्या लॅब्राडॉरला ठेवायला कोणी मिळेना, म्हणून पुण्याच्या एका लग्नाला बायको एकटीच गेली. नागपुरात बेसा रोडला सासऱ्यांचा प्लॉट रिकामा पडलाच होता. परत आल्यावर तीच म्हणाली, गावाला जाणाऱ्यांची कुत्री सांभाळायला आपणच शेड टाकू. चार खोल्या बांधल्या, आज बारा आहेत.

लोक म्हणतात, काय मजा आहे बाप्पा तुमची, दिवसभर कुत्र्यांशी खेळायचं! खेळणं तासभर. बाकी दिवस खराटा आणि ब्लीचच्या बादलीचा. पार्व्हो हा कुत्र्यांचा जीवघेणा आजार; त्याचा विषाणू फरशीवर महिनोन्‌महिने टिकतो, फिनाईलला दाद देत नाही. म्हणून एक कुत्रा घरी परत गेला की खोली आधी घासायची, मग ब्लीचचं पाणी दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं.

लसीचं पुस्तक मागायची पहिल्या वर्षी लाज वाटायची. ‘आमचा तर घरातच असतो हो,’ असं म्हणत एकजण सोडून गेले. चार दिवसांत त्यांचा कुत्रा खोकायला लागला, मग सगळी शेड. घरोघरी फोन करून माफी मागितली. आता सख्ख्या मेव्हण्याच्या कुत्र्यालाही पुस्तक लागतं.

पहिली रात्र सगळ्यात जड. गाडी ज्या बाजूला गेली तिकडे तोंड करून कुत्रं फाटकाशी बसतं, चिकन-भाताकडे बघतसुद्धा नाही. त्यासाठी मालकांकडून न धुतलेली चादर मागून घेतो. घरचा वास असला की बरीचशी त्यावर तोंड टेकून झोपतात. पहिले दोन दिवस व्हिडिओ कॉल मात्र नाही. मोबाईलमधून आवाज येतो, माणूस दिसत नाही, आणि ते बिचारं खोलीभर शोधत फिरतं. यावर मालक रागावतात. रागावू देत.

नागपूरचा उन्हाळा म्हटलं की सगळे मे महिन्याला घाबरतात. आम्हीही घाबरलो होतो, सहा कूलर घेतले, खस बदलली, लाईन गेली तर म्हणून इन्व्हर्टर बसवला. पारा पंचेचाळिशीच्या वर गेला तरी मे निभावला. दगा दिला जूनने. पहिला पाऊस पडून गेला होता, उमस होती, कूलर जोरात सुरू. दुपारी एक पग जीभ लोंबवून असा धापा टाकत होता की त्याला उभंही राहवेना. ताप मोजला तर १०५. कुत्र्याचा साधारण १०१ ते १०२.५ असतो. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आधी कूलरची मोटर बंद करा, नुसता पंखा ठेवा, अंगावर साधं पाणी टाकत राहा आणि लगेच घेऊन या. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकून तोंडातल्या ओलाव्यावरच तो अंग थंड करतो. हवाच ओली असली तर तो ओलावा उडणार कुठून? त्यात पगचं नाक चपटं. म्हणजे ज्या कूलरवर आमचा सगळा भरवसा, त्यानेच त्या दुपारी घात केला.

पग वाचला. त्याच्या मालकीणबाईंना आम्ही सगळं सांगितलं. त्या पुन्हा आल्या नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

त्या पावसाळ्यात हप्त्यावर एसी घेतला. एसीची खोली अजूनही एकच आहे. मे-जूनसाठी पगवाले होळीपासूनच नंबर लावतात.