जलद गाडी न थांबणारे गाव

टोकियोच्या भुयारी रेल्वेचा तोझाई मार्ग शहराच्या पूर्वेकडे निघाला की मिनामी-सुनामाचीनंतर जमिनीतून वर येतो आणि आराकावा व नाकागावा या दोन्ही नद्या १२३६ मीटर लांबीच्या एकाच पुलावरून ओलांडतो. पुलानंतर समोरासमोरच्या दोन फलाटांचे जे साधेसुधे स्थानक लागते, ते आम्हा अनेक मराठी मंडळींच्या बिऱ्हाडांचे निशी-कासाई. भुयारी रेल्वेचे असूनही तेथे गाडी पकडायला जिना चढावा लागतो. पर्यटकांनी येथे मुद्दाम उतरावे असे काही नाही, आणि जलद गाड्याही थांबत नाहीत. तोयोचो सोडले की त्यांचा पुढचा थांबा उरायासू. पुढच्या कासाई स्थानकात आमची धीमी गाडी कडेला उभी राहते आणि मधल्या रुळांवरून जलद गाडी निघून जाते, तेव्हा डब्यातला एकही जपानी प्रवासी मान वर करत नाही. मी ठाण्यात वाढलो असल्यामुळे माझ्या तोंडून मात्र हमखास ‘च्‌’ निघतोच.

या स्थानकाचा जन्मही उशिराचाच. मार्ग १९६९ मध्येच येथून पुढे निशी-फुनाबाशीपर्यंत गेला होता. निशी-कासाई उघडले ते १ ऑक्टोबर १९७९ रोजी. मधल्या दहा वर्षांत गाड्या येथून नुसत्या धडधडत जात असत. त्याच काळात, २८ फेब्रुवारी १९७८ च्या रात्री, नदीवरच्या पुलावर एक गाडी चक्राकार वादळात सापडली आणि तिचे मागचे डबे चक्क उलटले. आजही वारा जोराचा सुटला की पुलावरच्या गाड्या रखडतात, फलाटावरच्या फलकावर कारण झळकते आणि रांगेतले लोक निमूटपणे भ्रमणध्वनी काढून कार्यालयाला कळवू लागतात.

अशा ठिकाणी भारतीयांनी, आणि त्यांत इतक्या मराठी माणसांनी, बिऱ्हाडे का थाटली असावीत, हा प्रश्न पाहुणे हटकून विचारतात. मला त्याचे उत्तर वेळापत्रकात दिसते. सन २००० लागताच संगणक तारखांत गोंधळतील या धास्तीने भारतातून अभियंते मोठ्या संख्येने आले, त्यांतल्या अनेकांची कामे कायाबाचो, निहोम्बाशी आणि ओतेमाची या भागांत होती, आणि ही तिन्ही स्थानके तोझाई मार्गावर ओळीने येतात. गाडी न बदलता पाव तासात कामावर पोहोचता येते म्हटल्यावर शेजार कसा आहे, बाग किती लांब आहे, हे कोण विचारतो! मुंबईत नोकरी करणारा माणूस डोंबिवलीत घर घेतो तो काही डोंबिवलीच्या हवेवर भाळून नव्हे. दुसरे कारण घराचे. जपानमध्ये परक्या माणसाला घर मिळवताना जामीनदार शोधावा लागतो आणि घरमालकाला परत न मिळणारी भेटरक्कमही बहुधा द्यावी लागते. यूआर या सार्वजनिक संस्थेच्या इमारतींत या दोन्ही गोष्टी लागत नाहीत, आणि अशा इमारती येथे स्थानकाजवळच आहेत. तिसरे कारण माणसाचे. जगमोहन चंद्रानी हे चहाचे व्यापारी स्थानक सुरू झाले त्याच सुमारास या भागात राहायला आले होते. पुढे नवख्या तरुणांना घरे मिळवून देण्यात आणि शाकाहाऱ्यांच्या जेवणाची सोय लावण्यात त्यांनी पुढाकार घेतला. एकदा एका घरातून फोडणीचा वास आला की दुसरे कुटुंब त्याच जिन्यावर घर शोधते, हे मात्र कोणी सांगावे लागत नाही.

या सोयीची किंमत सकाळी मोजावी लागते. किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात २०१९ च्या आर्थिक वर्षात गर्दीच्या वेळी गाड्या क्षमतेच्या १९९ टक्के भरत असत, आणि त्या वर्षी हा आकडा देशात सर्वांत मोठा होता. २०१९ च्या जानेवारीत रेल्वे कंपनीने लोकांना गर्दीच्या आधी घराबाहेर काढण्यासाठी एक फर्मास युक्ती केली: ठरलेल्या संख्येने प्रवासी लवकर निघाले, तर सर्वांना तेंपुरा किंवा सोबा नूडल्स फुकट. आपल्याकडे कोणी वडापावाची अशी घोषणा केली असती, तर गर्दी कमी न होता पहाटे पाचलाच सुरू झाली असती, अशी मला भीती वाटते. दारे मिटण्याआधी फलाटावर वाजणारी धून मात्र मला आवडते. मिनोरु मुकाइया या संगीतकाराने या मार्गावरच्या स्थानकांसाठी वेगवेगळे तुकडे रचले असून ते क्रमाने जोडले की एक सलग गत तयार होते, असे म्हणतात. गाडी चुकली तर आपल्या स्थानकाचा तुकडा निवांत ऐकायला मिळतो.

उन्नत मार्गाखाली दुकानांची रांग आहे आणि आसपासच्या गल्ल्यांत तूरडाळ, पोहे, हिंग असा सगळा शिधा मिळतो. तरी माझे मत विचाराल तर येथली खरी खरेदी कोमात्सुनाची. ही हिरवी पालेभाजी मूळची याच एदोगावा भागातली. मुळे स्वच्छ धुतलेली, चिकटपट्टीने बांधलेली तिची जुडी आणावी, देठांसकट बारीक चिरावी आणि लसूण-मिरचीच्या फोडणीत भिजवलेल्या मूगडाळीबरोबर परतावी. देठ किंचित करकरीत राहतात आणि मेथीची आठवण येत असली तरी भाकरी पुरत नाही. सोनमासे पाळण्याचा व्यवसायही येथला जुना. उन्हाळ्यात ग्योसेन उद्यानात त्यांचा उत्सव भरतो आणि त्याच उद्यानातल्या छोट्या प्राणिसंग्रहालयात लाल पांडा पाहायला पैसे लागत नाहीत, त्यामुळे भारतातून आलेल्या आजी-आजोबांची दुपार तेथे छान जाते.

या जमिनीला एक खोट आहे, आणि ती पालिका लपवत नाही. एदोगावाचा सुमारे सत्तर टक्के भूभाग भरतीच्या पातळीहून खाली असल्याने २०१९ च्या पूरनकाशाच्या मुखपृष्ठावरच ‘येथे थांबू नका’ अशा अर्थाची सूचना छापली होती. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये योगेंद्र पुराणिक येथल्या पालिका सभागृहावर निवडून आले. त्यांच्या आईंनी याच वस्तीत मराठी जेवणाचे उपाहारगृह चालवले आहे. थांबू नका म्हणणाऱ्या पालिकेच्या सभागृहात अंबरनाथचा माणूस बसला, म्हणजे थांबणाऱ्यांनी चांगलेच मनावर घेतले म्हणायचे.

शेजारच्या मिनामी-सुनामाचीला आता एका फलाटाचे दोन आणि दोन रुळांचे तीन करण्याचे मोठे काम काढले आहे. त्यासाठी मे २०२४ मध्ये एका शनिवार-रविवारी तोयोचो ते निशी-कासाई वाहतूकच बंद ठेवली होती. काम पुरे झाले की गाड्या एकमेकींच्या मागे खोळंबणार नाहीत आणि सकाळचा प्रवास सुसह्य होईल. खासगी घरमालकांना ही बातमी आमच्या आधी कळलेली असणार, आणि पुढच्या करारातल्या भाड्याचा आकडा पाहून आम्हालाही ती नीट समजेल.