शेंगाचटणीचं गणित

भाचीचं चौथी-पाचवीचं अपूर्णांकांचं गणित म्हणजे आमच्याकडं रोजचा दंगा. पुस्तकातलं उदाहरण वाचलं की पोरगी गप्पच, म्हणून मी आपलं सोलापुरी उदाहरण काढलं, पुण्याच्या आत्याला अडीच किलो शेंगाचटणी अन् मामाला पावणेदोन किलो पाठवायची, एकूण किती? म्हणजे २ १/२ + १ ३/४.

आधी पूर्ण किलो मोजा, २ आणि १, झाले ३. मग उरलेलं, अर्धा अन् पाऊण. इथं निम्मी पोरं वरचं वर, खालचं खाली मिळवून ४/६ लिहून मोकळी होतात! अरे पण ४/६ तर पाऊणपेक्षाही कमी आहे, पाऊण किलोत अजून अर्धा किलो टाकल्यावर पुडा हलका कसा होईल, बघा की. अर्ध्याचे दोन पाव करा, २/४ + ३/४ = ५/४, म्हणजे सव्वा. ३ आणि सव्वा, सव्वाचार किलो.

काही जण आधी सगळ्याचं ५/२ आणि ७/४ करायला लावतात. उत्तर १७/४, तेच येतंय, चूक काही नाही, पण १२ १/२ + ८ ३/४ असलं आलं की उगाच मोठे आकडे होतात. गुणाकाराला ती पद्धत ठेवा, बेरजेला कशाला ओ?

आणि वेळेच्या गणितात जरा सांभाळून, सव्वा तास म्हणजे १.२५ तास असं शिकवलं की लगेच १ तास २५ मिनिटं लिहितात, १५ मिनिटं असतात ती.