डॉक घरपोच आला, परत न्यायला मात्र कुणी येईना

साडेअकरा हजार रुपयांचा डॉक, म्हणजे संगणकाला जास्तीची पोर्ट देणारं उपकरण, परत करायला मला ३९ दिवस लागले. पैसे मिळाले, पण राग अजून गेलेला नाही. खेड्यात बसून घरच्या स्टुडिओसाठी सामान मागवणाऱ्या दुसऱ्या कुणाचे एवढे दिवस वाया जाऊ नयेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावात राहतो. वैनगंगेच्या पलीकडे वडसा, म्हणजे झाडीपट्टी (पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यातल्या) नाटकांचं मुख्य ठाणं. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि रात्रभर नाटकं चालतात. होळीपर्यंत हा हंगाम. नाटकाची जाहिरात भोंगा लावलेल्या गाडीवरून गावोगाव फिरते. त्या जाहिरातींचा आवाज, नाटकातली गाणी, शिवाय भजनी मंडळांची खंजिरी भजनं मी घराच्या मागच्या खोलीत रेकॉर्ड करतो. दिवाळीच्या आधीचे दोन महिने हातात चालू संगणक नसला, तर अख्खा हंगाम गेला.

जुना विंडोजचा डबा थकला होता. त्यात रॅम आणि एसएसडी टाकून अजून दोन वर्षं काढता आली असती, पण मदरबोर्डच कुरकुरायला लागला होता. शेवटी मॅक मिनी घेतला, एम४ चिपचा, सगळ्यांत खालचा. १६ जीबी रॅम, २५६ जीबी साठवण, तेव्हाची छापील किंमत ५९,९००. तोच ५१२ जीबीचा घेतला असता तर ७९,९००. म्हणजे २५६ जीबी वाढवायचे वीस हजार. तेवढ्या पैशात बाहेरून लावायची एसएसडी याहून कितीतरी मोठी मिळते, म्हणून आतली साठवण मुद्दाम कमी घेतली. रॅमचं मात्र तसं नाही, ती नंतर वाढवता येत नाही. तुम्ही शंभर ट्रॅकची गाणी आणि जड सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या तयार आवाजांचा साठा) वापरत असाल तर रॅमवर पैसे घाला. माझं एक गाणं फार तर बारा-पंधरा ट्रॅकचं असतं, मला १६ पुरते.

या मशीनला जुनं चौकोनी यूएसबी पोर्ट एकही नाही. पुढे दोन यूएसबी-सी आणि हेडफोनचं भोक, मागे तीन थंडरबोल्ट ४ (त्याच आकाराची, जास्त वेगाची), एचडीएमआय, नेटवर्कचं पोर्ट, एवढंच. माझ्याकडे ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं उपकरण), मिडी कीबोर्ड (संगणकाला जोडायची पेटीसारखी पट्टी), एका सॉफ्टवेअरच्या लायसन्सची डोंगल, माऊसची डोंगल, जुन्या दोन हार्ड डिस्क आणि पार्ट्यांनी आणलेले पेन ड्राइव्ह. म्हणून डॉक मागवला, अकरा पोर्टांचा. वर ‘४० जीबीपीएस’, म्हणजे सेकंदाला ४० गिगाबिट, असं लिहिलेलं. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो थेट माझ्या दारात आला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाचव्या दिवशी एका जाहिरातीचा आवाज घेत होतो. निवेदक वडशाहून आलेले, तिसरा टेक रंगात आला आणि पडद्यावर सूचना आली की डिस्क नीट इजेक्ट केलेली नाही. रेकॉर्डिंग तिथेच तुटलं. निवेदकांनी पुन्हा आवाज लावला, वीस मिनिटांनी पुन्हा तेच.

पहिला संशय विजेवर. आमच्याकडे दिवसातून पाच-सहा वेळा लाइन झपकते. संगणक यूपीएसवर होता, पण डॉकचा अ‍ॅडॉप्टर मी साध्या बोर्डाला लावला होता. म्हणजे लाइन क्षणभर गेली की संगणक चालू आणि डॉकवरची सगळी उपकरणं बंद. ही चूक तुम्ही करू नका. संगणक, डॉक, इंटरफेस आणि स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेली प्रत्येक डिस्क एकाच यूपीएसवर हवी. मी अ‍ॅडॉप्टर हलवला, तरी डिस्क सुटतच राहिली.

मग केबल. यूएसबी-सी हा फक्त तोंडाचा आकार आहे, आत काय धावतं ते केबलवर ठरतं. मोबाइल चार्जरसोबत येणाऱ्या बऱ्याच केबली डेटासाठी यूएसबी २.० च्याच असतात, म्हणजे कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी) आणि प्रत्यक्षात सेकंदाला ३५-४० एमबी. त्यावरून २०० जीबी हलवायला साधारण दीड तास लागतो. मॅकच्या सिस्टिम रिपोर्टमध्ये डिस्क कोणत्या वेगाला जोडली गेली आहे ते लिहिलेलं दिसतं, तिथे खात्री करा. माझी केबल डॉकसोबत आलेलीच होती आणि वेगही बरोबर होता. तरी दुसरी लावून पाहिली. फरक नाही.

शेवटी एकेक वस्तू वेगळी केली. डिस्क थेट मागच्या थंडरबोल्ट पोर्टात लावून रात्रभर गाणं फिरवत ठेवलं, एकदाही सुटली नाही. इंटरफेस थेट लावला, तोही ठीक. डॉकवर एकटी डिस्क, बाकी काही नाही, तरी पाऊण-एक तासाने सुटली. म्हणजे दोष डॉकचाच. ही तपासणी करायला तीन रात्री गेल्या, पण पुढे कामाला आली ती हीच.

आठव्या दिवशी विक्रेत्याच्या साइटवर परतीचा फॉर्म भरला. मुदत दहा दिवसांची होती, मी मुदतीत होतो. उत्तर आलं, दोष दिसेल असा दोन मिनिटांच्या आतला व्हिडिओ पाठवा, त्यात सिरियल नंबर दिसला पाहिजे. दोष येतो तासातून एकदा, तोही केव्हा येईल सांगता येत नाही. मी मोबाइल स्टँडवर लावला, डॉक उलटा करून नंबर समोर ठेवला आणि रात्रभर चित्रण केलं. एक वाजून गेल्यावर डिस्क सुटली. तेवढी दोन मिनिटं कापून पाठवली. उत्तर आलं, संपादित व्हिडिओ स्वीकारला जात नाही. मग दुसऱ्या रात्री दोन-दोन मिनिटांचे तुकडे घेत बसलो. एक तुकडा संपला की दुसरा सुरू. पहाटे तीनच्या सुमाराला एका तुकड्यात ते सापडलं. माझी घरची उठून बघून गेली, म्हणाली, झोपा आता, डोळे पाहा कसे झाले. मी झोपलो नाही, आधी तो व्हिडिओ चढवला.

बाराव्या दिवशी परत घ्यायचं मान्य झालं. बटण दाबलं, पिन कोड टाकला. लाल अक्षरांत आलं, या पिन कोडवर पिकअप सेवा उपलब्ध नाही.

याच पिन कोडवर, याच दारात त्यांचा माणूस डॉक देऊन गेला होता. आणून देता येतं तर घेऊन का जाता येत नाही, हे मी फोनवर चार वेगवेगळ्या माणसांना विचारलं. चौघांनीही तेच वाक्य वाचून दाखवलं. पाचवा म्हणाला, शहरातला पत्ता द्या. माझा भाचा नागपूरला धंतोलीत राहतो, त्याचा पत्ता दिला. डॉक घेऊन मी एसटीने नागपूरला गेलो. सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत भाच्याच्या घरी बसून राहिलो, खाली पानाच्या टपरीवरसुद्धा उतरलो नाही. कुणी आलं नाही. रात्री संदेश आला, ग्राहक उपलब्ध नसल्याने पिकअप रद्द. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. यावेळी पोरगा आला, पण बिलावरचा पत्ता आणि पिकअपचा पत्ता जुळत नाही म्हणून घेतलं नाही. भाचा त्याच्याशी भांडायला लागला. मी म्हटलं, राहू दे बाबा, त्याच्या हातात काय आहे. डॉक पिशवीत घालून शेवटच्या गाडीने परत आलो.

इकडे वडशाहून फोन सुरू. ‘भाऊ, आवाज झाला का जी? आमाले गाडी काढाची हाये.’ काम अडलं नव्हतं, डिस्क थेट लावून मी ते करतच होतो. पण प्रत्येक फोनला तो डॉक समोर दिसायचा आणि डोकं तापायचं.

चोविसाव्या दिवशी मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली. हे मी आठव्या दिवशीच करायला हवं होतं. फोन टोल-फ्री आहे, मराठीत बोलता येतं, तक्रारीचा क्रमांक मिळतो आणि कागदपत्रं ऑनलाइन जोडता येतात. मी बिल, तीन रात्रींच्या तपासणीची टाचणं, दोन्ही व्हिडिओ, पिन कोडच्या लाल अक्षरांचा फोटो आणि ‘ग्राहक उपलब्ध नाही’ हा संदेश जोडला. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याने तक्रार अधिकारी नेमायचा असतो, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकालात काढायची असते. हे वाक्य मी त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला वेगळ्या मेलमध्येही लिहिलं. शिवाय २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते, विक्रेत्याच्या शहरात जावं लागत नाही. मी चंद्रपूरला जायला तयार आहे, असंही कळवलं.

तक्रारीनंतर चौथ्या दिवशी विक्रेत्याचाच फोन आला. आवाज नरम होता. म्हणाले, पोस्टाने पाठवा, खर्च आम्ही देऊ. एवढंच मी पंधरा दिवस सांगत होतो! घट बसले त्या दिवशी ब्रह्मपुरीच्या पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट केलं. पोस्ट आमच्या गावातही आहे, ज्या पिन कोडवर कुणाला यायचं नव्हतं तिथे पोस्टमन रोज येतो. ३९ व्या दिवशी डॉकचे पूर्ण पैसे आणि टपालखर्च खात्यात आले. घरात पेढे आणले, खरं सांगतो.

आता डॉक नाही आणि तो नसल्याने माझं काही अडतही नाही. कामाची एसएसडी थेट मागच्या थंडरबोल्ट पोर्टात. ऑडिओ इंटरफेस दुसऱ्या पोर्टात, तोही थेट. आवाजाच्या उपकरणाने वाट कुणाबरोबर वाटून घेऊ नये, असं माझं ठाम मत झालं आहे. उरलेलं किरकोळ सामान, म्हणजे कीबोर्ड, मिडी, डोंगल आणि पेन ड्राइव्ह, एका साध्या सात पोर्टांच्या हबवर. तो हब नागपूरच्या सीताबर्डीवरून पक्क्या बिलाने घेतला. त्याला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर आहे. हे महत्त्वाचं, कारण संगणकाकडूनच वीज घेणाऱ्या हबवर सगळी उपकरणं तेवढ्याच तुटपुंज्या विजेत भागवतात. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतं, ३.० चं ९००. त्यात दोन जुन्या हार्ड डिस्क फिरणार नाहीत. दुकानदार म्हणाला, बिघडला तर घेऊन या, बदलून देतो. एसटीने जाऊन-येऊन एक दिवस जाईल, पण एकच.

वेगाच्या मागे लागून पैसे घालवू नका, हेही सांगतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी जागा घेतो. बारा ट्रॅकचं पाच मिनिटांचं गाणं म्हणजे जेमतेम ५२० एमबी आणि सेकंदाला पावणेदोन एमबीचा प्रवाह. हे जुनी हार्ड डिस्कसुद्धा सहज पेलते. एसएसडी लागते ती सॅम्पल लायब्ररीसाठी, कारण तिथे हजारो बारक्या फाइली एकदम उघडतात. मी १० जीबीपीएसची एसएसडी घेतली. दुकानात २० जीबीपीएसची दाखवत होते, पण ती ‘२×२’ प्रकारची होती आणि हा मॅक तिला १० वरच चालवतो. जास्तीचे पैसे मातीत गेले असते.

माऊस अडखळत असेल तर त्याची डोंगल यूएसबी ३ च्या डिस्कपासून लांब न्या. त्या डिस्क आणि केबली २.४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे डोंगलच्याच पट्ट्यात गोंधळ करतात. मी हातभर एक्स्टेन्शन केबल लावली आणि माऊस सुधारला.

उन्हाळ्याचं राहिलं. मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या वर जातो. कूलर लावला की त्याचा आवाज माइकमध्ये आणि ओल उपकरणांत. मी रेकॉर्डिंग पहाटे घेतो आणि एसएसडी मॅकच्या डोक्यावर न ठेवता बाजूला, लोखंडी रॅकला टेकवून ठेवतो. रेकॉर्डिंगमध्ये घरघर येत असेल तर आधी अर्थिंग तपासा, इंटरफेस बदलायला धावू नका.

जुन्या विंडोजच्या डिस्क एनटीएफएसच्या (विंडोजच्या फॉरमॅटच्या) असतील तर मॅक त्या वाचतो, पण त्यांवर लिहीत नाही. आधी सगळं नव्या डिस्कवर उतरवा, दोन ठिकाणी, आणि मगच जुनी फॉरमॅट करा. कामाची डिस्क एपीएफएसमध्ये, म्हणजे मॅकच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये ठेवा. मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालणारं एक्सफॅट फक्त पार्ट्यांना द्यायच्या पेन ड्राइव्हपुरतं, कारण मध्येच वीज गेली तर त्यातल्या फाइली लवकर बिघडतात. आणि कुठलंही खोकं फोडताना मोबाइल चालू ठेवा, सिरियल नंबर आणि बिल एकाच चित्रणात येऊ द्या. न कापलेलं.