किती आहेत?

दुपारी तीनला लाइट गेली. एप्रिलातली सोलापूरची दुपार, पारा 42 वर. पंखा बंद झाल्याचं दुःख नंतर, आधी टाकीतला हवेचा पंप बंद पडलेला. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, आणि माझ्या लाल झिंग्यांना तिशीच्या पुढचं पाणी सोसत नाही. फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली टाकीत तरंगत सोडली. मग मगाने पाणी काढून वरून धार धरत बसलो. धारेबरोबर थोडी हवा आत जाते. गप्पी मासे धारेखाली जत्रेसारखे जमले.

तेवढ्यात कोपऱ्यात एक झिंगा आडवा दिसला. पांढुरका, निपचित. गेला! चिमट्याने उचलला तर आत कुणीच नाही. पाय, मिशा, शेपटीचा पंखा, सगळं जागच्या जागी, फक्त मालक पसार. कात होती. दोन वर्षं झाली पाळायला लागून, तरी मी दर वेळी फसतो. कात परत टाकीत सोडून दिली. तिच्यात कॅल्शियम असतं, बाकीचे झिंगे ती कुरतडून खातात. घरचं घरात.

आणले तेव्हा दहा होते. आता किती, कोण जाणे. मादी पोटाखाली वीसेक अंडी धरून तीन-चार आठवडे त्यांना वारा घालत फिरते. पिल्लं बाहेर पडतात ती थेट झिंग्याच्याच आकाराची, पण शेवयाच्या तुकड्याएवढी. मोठ्यांच्या वाटेला गप्पी जात नाहीत. पिल्लं मात्र गट्टम करतात. दुकानदाराने सांगितलं होतं, ‘शेवाळ दाट ठेवा, लपतील ती वाचतील.’ म्हणून टाकीत शेवाळाचं जंगल केलंय, आणि त्या जंगलात मला मोजता येत नाही.

मोजायची खोड जुनी. लहानपणी मागच्या अंगणात हौद होता. नळाला रोज पाणी कधीच नव्हतं, त्यामुळे हौद भरलेलाच असायचा. डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून पालिकेचा माणूस त्यात गप्पी सोडून जायचा. वडील गिरणीतून पाळी संपवून आले की केसांत कापसाचे तंतू तसेच घेऊन हौदाच्या कट्ट्यावर बसायचे. मला म्हणायचे, ‘मासे मोजून सांग, चार आणे देतो.’ मी डोकं आत घालून मोजायचो. सतरापर्यंत गेलो की एखादा सुळकन खाली जायचा. पुन्हा एकपासून. ते चार आणे मला कधीच मिळाले नाहीत. वडिलांना आकडा ठाऊक होता का, हे विचारायचंही राहून गेलं.

हौद आता नाही. आईची तांब्याची घागर आहे. मागच्या महिन्यात टाकीतलं पाणी आटलेलं बघून तिने घागरीतलं तांब्याभर पाणी वर ओतलं. तांबं म्हणजे झिंग्यांना विष! मी ओरडलोच.

‘अरे, तांब्याचं पाणी चांगलं असतंय. पिऊ दे की त्यांनाबी.’

धावपळ करून अर्धं पाणी बदललं. काही मेले का? कसं सांगणार, आधी किती होते तेच माहीत नाही.

कात टाकलेला झिंगा मऊ असतो. नवं कवच टणक होईपर्यंत तो समोर येत नाही, लाकडाच्या ओंडक्याखाली जाऊन बसतो. खायला टाकलं तरी येत नाही. आज धार धरता धरता मी त्यालाच शोधत होतो.

गिरणी बंद झाली त्या वर्षी वडील मागच्या खोलीत बसायचे. कट्ट्यावर येईनात. भोंगा वाजायचा थांबला होता, तरी त्या वेळेला उठून सदरा घालायचे आणि पुन्हा खाटेवर बसायचे. दारात कुणी आलं, ‘आहेत का?’ म्हणालं, की आई सांगायची, ‘झोपलेत.’ मला तिने बजावून ठेवलं होतं, तिकडं जायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. मी हौदापाशी एकटाच मोजत बसायचो. दिवाळीच्या सुमाराला ते एका दुकानात हिशेब लिहायला जाऊ लागले. त्या पहिल्या दिवशी कुणीच काही बोललं नाही.

साडेचारला लाइट आली. पंप बुडबुडायला लागला. आई चहा घेऊन आली आणि टाकीपाशी वाकली.

‘एकूण किती हायेत रे?’

‘असतील तीसेक.’

‘मला तर सातच दिसतायत.’

ओंडक्याखाली एक मिशी हलली. बाकीचा झिंगा काही दिसला नाही.

‘आठ,’ मी म्हणालो.