मॅगी नावाची ब्रिजेट

सोमवार, रात्री पावणेबारा

ताप आहे, ऑफिसला दांडी आहे, आणि दुपारपासून घरातल्या दुहेरी खुनाचा आरोप आलेल्या लिझी बोर्डनच्या खटल्यातल्या साक्षी वाचत पडले आहे. तापात असलं काही वाचू नये हे कळतं. पण एकदा प्रश्नोत्तरं सुरू झाली की मोबाइल खाली ठेववत नाही.

४ ऑगस्ट १८९२, गुरुवार. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं फॉल रिव्हर, म्हणजे तिकडचं गिरणगावच. अँड्र्यू बोर्डन हा सत्तरीला टेकलेला, गडगंज पण महाचिक्कू म्हातारा, आणि त्याची दुसरी बायको अ‍ॅबी. दोघांचा राहत्या घरात कुऱ्हाडीने खून झाला. पोरांच्या तोंडी जे बडबडगीत आहे त्यात आईला चाळीस घाव आणि बापाला एक्केचाळीस. खरे घाव तिला अठरा-एकोणीस, त्याला दहा-अकरा. आणि ती आई नव्हती, सावत्र आई होती. गाण्याला काय, यमक जुळलं की झालं.

मला घावांपेक्षा मधला वेळ छळतोय. अ‍ॅबी वरच्या पाहुण्यांच्या खोलीत साडेनऊच्या सुमारास मारली गेली. अँड्र्यू खाली सोफ्यावर आडवा झालेला असताना, अकराच्या आसपास. मधला दीड तास घर चालूच होतं! त्या वेळी घरात असल्याचं नक्की ठाऊक आहे ते दोघींचंच: धाकटी मुलगी लिझी, वय ३२, बिनलग्नाची, चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवणारी, आणि कामाला असलेली आयरिश ब्रिजेट सलिव्हन. थोरली एमा परगावी होती. आदल्या दिवशी आलेला मामा सकाळीच बाहेर पडला होता.

ब्रिजेटला त्या सकाळी उलट्या होत होत्या. तरी अ‍ॅबीबाईंनी खिडक्या धुवायचं काम सांगितलंच, आतून आणि बाहेरून. ती धूत होती. पावणेअकराच्या सुमारास मालक परत आले, तर पुढचं दार आतून कुलूप-कडी घालून बंद. दार उघडेना तेव्हा ब्रिजेटच्या तोंडून वैतागाचा शब्द निघाला आणि जिन्यावरून लिझीच्या हसण्याचा आवाज आला. हे ब्रिजेटने शपथेवर सांगितलंय. ज्या मजल्यावरून हसू आलं, त्याच मजल्यावर अ‍ॅबी मरून पडलेली होती. नंतर शेजारीण आणि ब्रिजेट जिना चढताना अर्ध्यावरूनच त्यांना पलंगापलीकडची अ‍ॅबी दिसली. अर्ध्या जिन्यावरून!

मग लिझी स्वयंपाकघरात येते आणि ब्रिजेटला सांगते की सार्जंटच्या दुकानात आज कापडाचा सेल आहे, आठ सेंटला वार. ब्रिजेट म्हणते, मला घ्यायचंय. पण अंगात त्राण नाही म्हणून ती माळ्यावरच्या तिच्या खोलीत जाऊन पडते. तिथून अकराचे ठोके ऐकू येतात. दहा-पंधरा मिनिटांनी खालून हाक येते: मॅगी, खाली ये, बाबा गेले, कुणीतरी येऊन त्यांना मारलं.

मॅगी? मी दोन ओळी मागे जाऊन परत वाचलं. मॅगी ही ब्रिजेटच्या आधीची कामवाली. ती गेली, ब्रिजेट आली, पण दोघी बहिणींनी हाकेचं नाव बदललं नाही. जवळजवळ तीन वर्षं.

मंगळवार, दुपार

ताप उतरला, डोकं जड.

आज घरातली भांडणं वाचली. हे मला फारच ओळखीचं वाटलं, आमच्या भावकीत बसवलं तरी चालेल. अँड्र्यूने बायकोच्या सावत्र बहिणीसाठी घराचा अर्धा हिस्सा विकत घेऊन बायकोच्या नावे केला. मुलींचं डोकं फिरलं. त्याने समजूत म्हणून आजोबांचं घर मुलींना दिलं, पण मन उतरलं ते उतरलंच. तेव्हापासून लिझी आईला ‘मिसेस बोर्डन’ म्हणायला लागली. खुनाच्या दिवशीच पोलीस अधिकारी ‘तुमची आई’ म्हणाला, तर तिने त्याला तिथल्या तिथे सुधारलं की ती माझी आई नाही, सावत्र आई. माझी आई वारली.

म्हणजे नाव कुणाचं काय घ्यायचं याबद्दल बाई भलतीच काटेकोर होती. फक्त स्वयंपाकघरातल्या बाईच्या बाबतीत नव्हती.

आणि कोण आधी मेलं याला केवढं महत्त्व! नवरा आधी गेला असता तर बायकोचा वाटा तिच्या माहेरच्यांकडे गेला असता. बायको आधी गेली, म्हणून सगळं मुलींचं. दोघांची जठरं काढून हार्वर्डच्या प्राध्यापकाकडे पाठवली. विष निघालं नाही, पण कुणाचं अन्न किती पचलंय त्यावरून क्रम ठरवायला मदत झाली. सकाळच्या न्याहारीला मटण होतं. एवढं वाचून मी पेजेची वाटी बाजूला सरकवली.

बुधवार, रात्री

खटला न्यू बेडफर्डला, जून १८९३ मध्ये. लिझी तोवर दहा महिने तुरुंगात. खुनाच्या आदल्या दिवशी ती औषधाच्या दुकानात जहाल विष मागायला आली होती, असं सांगणाऱ्या दुकानातल्या माणसाची साक्ष न्यायाधीशांनी येऊ दिली नाही. चौकशीत तिने दिलेली उलटसुलट उत्तरंही नाही. बापावर घाव पडले तेव्हा मी मागच्या कोठारात गळासाठी शिसं शोधत होते, पेअर खात होते, हे तिचं म्हणणं. खुनानंतरच्या रविवारी तिने चुलीत एक पोशाख जाळला, रंग लागला होता म्हणून. ते मैत्रिणीने पाहिलं आणि पुढे कोर्टात सांगितलं. पण रक्ताचा कपडा एकही नाही, आणि हत्याराचं म्हणाल तर दांडा तुटलेलं एक कुऱ्हाडीचं पातं. एवढ्यावर मी तरी फाशी दिली नसती. (मला वाटतं तिनेच केलं. पण वाटणं वेगळं.)

बचावाचा वकील रॉबिन्सन, राज्याचा माजी गव्हर्नर. तो बारा पुरुषांच्या ज्यूरीला म्हणाला, हिला दोषी ठरवायचं तर ही राक्षसीण आहे असं मानावं लागेल. सद्‌गृहस्थहो, दिसते का ती तशी? झालं. २० जूनला दीडेक तासात निर्दोष. आपल्याकडे नौदल अधिकारी नानावटीला खुनाच्या खटल्यात १९५९ साली ज्यूरीने आठ विरुद्ध एक असं सोडलं, तर न्यायाधीशाने निकाल न मानता प्रकरण हायकोर्टात पाठवलं. तिकडे अमेरिकेत ज्यूरीने सोडलं की सुटली. लिझीने टेकडीवरच्या श्रीमंत वस्तीत मोठं घर घेतलं, नाव बदलून लिझबेथ केलं आणि १९२७ पर्यंत जगली.

स्वतःचं नाव बदलून घेता येतं, बघा.

लिझी कोर्टात एक-दोन वाक्यंच बोलली. घरातल्या दोघींपैकी साक्ष दिली ती ब्रिजेटने. रॉबिन्सनने तिलाही विचारलं होतं: तुम्हाला मॅगी म्हणायचे, त्याचं वाईट वाटायचं का? नाही, साहेब. अपमान वाटायचा का? नाही, साहेब. घर किती सुखाचं होतं हे दाखवायला त्याला ते उत्तर हवं होतं, आणि तिने दिलं. त्या कोर्टात, त्या माणसासमोर, ती दुसरं काय बोलणार होती?

मघाशी आत्याला फोन केला. आजीकडे भांडी घासायला शेवंता होती, ती लग्न होऊन गेली, मग जी आली तिलाही आजी शेवंताच म्हणायची. मी पण. तिच्या मांडीवर बसून जेवलेय मी. आत्याला म्हटलं, त्या दुसरीचं खरं नाव काय होतं गं?

आत्या बराच वेळ आठवत राहिली. मागे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.

“अगं, शेवंताच की. दुसरी शेवंता.”