लॉगिन बंद, म्हणून बिल बंद: पॅनेल सोडून स्वतःची फी घ्यायला लागले त्याचा माझा अनुभव

'आपलं तिकीट सोडवण्यात आलं आहे.' मे ते सप्टेंबर २०२४ या पाच महिन्यांत हा मेल मला अकरा वेळा आला, ज्या कंपनीच्या पॅनेलवर मी समुपदेशन करायचे तिच्याकडून. तिकीट म्हणजे थकलेल्या बिलांची मी नोंदवलेली तक्रार. अकराही वेळा काहीच सुटलेलं नव्हतं. खरं तर प्रॅक्टिस कशी बदलली, फी कशी वाढवली, हे लिहायला बसले होते, पण लिहायला घेतलं की हा मेलच आधी आठवतो. तेव्हा तो राग आधी बाहेर काढते.

मी नागपुरात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी आहे आणि धरमपेठेत पहिल्या माळ्यावर एक खोली आहे. २०२३ पर्यंत माझं काम तीन ठिकाणी वाटलेलं होतं. खासगी क्लायंट हजार रुपये द्यायचे. एका रुग्णालयाच्या ओपीडीत आठवड्यातून दोन दिवस बसायचे, तिथे फीचा साठ टक्के वाटा माझा. आणि तिसरं म्हणजे ईएपी. कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशन विकत घेतात, ते पुरवणारी एक मधली कंपनी असते, तिच्या पॅनेलवर मी होते. मिहानमधली, म्हणजे नागपूरच्या विमानतळाजवळच्या आयटी कंपन्यांतली बरीच तरुण मंडळी तिथूनच यायची. कर्मचाऱ्याला फुकट, मला सेशनमागे सातशे, तेही नव्वद दिवसांनी.

दिवसाला आठ-नऊ सेशन व्हायची. एके संध्याकाळी आठव्या क्लायंटशी बोलताना माझ्या तोंडून सातव्या बाईंच्या नवऱ्याचं नाव निघालं. समोरच्या मुलीच्या ते लक्षात आलं नाही, निदान तिने तसं दाखवलं नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. दिवसाला पाचच सेशन घ्यायची, दोन सेशनमध्ये वीस मिनिटं मोकळी ठेवायची, फी अठराशे आणि ती थेट माझ्याकडे, हे तेव्हा ठरलं. 'प्रीमियम' हा शब्द माझ्या सीए भाच्याचा. मला तो आजही साडीच्या दुकानातला वाटतो.

रुग्णालयाने आठ दिवसांत मोकळं केलं, वर चहाही पाजला. पॅनेलचं तसं नव्हतं.

करारात साठ दिवसांची नोटीस होती. मी १ मार्चला मेल पाठवला, ३० एप्रिल शेवटचा दिवस ठरला. तोवर नोव्हेंबरपासूनची बिलं थकलेली होती. त्यांच्या पोर्टलवर महिन्याचं बिल पुढच्या महिन्याच्या १ ते ५ तारखेतच चढवता येतं. आणि प्रत्येक सेशननंतर क्लायंटला एक लिंक जाते. त्याने अभिप्राय भरला तरच ते सेशन 'वैध' धरलं जातं. आता रडून डोळे सुजवून बाहेर पडलेला माणूस लिफ्टमध्ये उभा राहून तारे देईल का? कितीतरी जण देत नाहीत. मग बिल 'पडताळणी प्रलंबित' असं पिवळ्या अक्षरांत बसून राहतं.

३० एप्रिलला रात्री बारा वाजता त्यांनी माझं लॉगिन बंद केलं. एप्रिलचं बिल चढवण्याची खिडकी उघडणार १ मेला. मार्चचं बिल दुरुस्तीसाठी परत आलेलं, तेही आतच अडकलं. मी फोन केला. वेंडर डेस्कवरचा, म्हणजे पॅनेलवाल्यांच्या बिलांचे प्रश्न घेणारा मुलगा अतिशय गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, बिल पोर्टलवरूनच चढवावं लागतं." मी म्हटलं, लॉगिन बंद आहे. "हो मॅडम, कारण तुम्ही आता पॅनेलवर नाही." मग लॉगिन दोन दिवसांसाठी सुरू करा. "त्यासाठी तुम्हाला पोर्टलवरून विनंती टाकावी लागेल."

हसू नका, हे संभाषण मी तीन वेगवेगळ्या मुलांशी तीन वेळा केलंय. दिवसभर मी लोकांना सांगते की राग आला की आधी श्वासाकडे लक्ष द्या. तिसऱ्या फोननंतर मी मोबाइल सोफ्यावर असा आपटला की सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "काय झालं गं, कोण गेलं?" म्हणाल्या.

तिकिटांचा प्रकार तर और. तिकीट उघडलं की अठ्ठेचाळीस तासांत उत्तर येतं, उत्तर असतं 'संबंधित विभागाकडे पाठवलं आहे', आणि त्याच क्षणी तिकीट बंद होतं. पुन्हा उघडायचं तर नवा क्रमांक, नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी. चौथ्या तिकिटानंतर मी एक साधी वही केली: तारीख, वेळ, कोण बोललं, काय म्हणालं. ती पहिल्या दिवसापासून करायला हवी होती. तुम्ही अजून पॅनेलवर असाल तर आजच करा. आणि बिलांचे स्क्रीनशॉट लॉगिन चालू आहे तोवर काढून ठेवा, नंतर कोणी देत नाही.

जूनमध्ये त्यांनी एक मार्ग सुचवला. मार्च-एप्रिलचं बिल पीडीएफ करून मेलने पाठवा, सोबत प्रत्येक क्लायंटचं नाव, मोबाइल नंबर आणि सही. इथे मी अडले, आणि याबद्दल मला आजही बरं वाटतं. तोवर सगळा कारभार सांकेतिक क्रमांकांवर चालायचा. ती नावं त्या कंपनीच्या हिशेब खात्यात का जावीत? कोणाच्या ऑफिसमध्ये कळलं तर? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं २३ वं कलम गोपनीयतेचंच आहे. मी फक्त क्रमांक, तारखा आणि वेळा पाठवल्या, कलमाचा उल्लेख केला, आणि नावं मिळणार नाहीत असं स्वच्छ लिहिलं. उत्तर आलं, तिकीट सोडवण्यात आलं आहे.

तोवर एकूण १७१ सेशनचे १,१९,७०० रुपये अडकले होते. खोलीचं डिपॉझिट मी एफडी मोडून भरलं.

सुटका झाली ती अगदी भलत्याच दारातून. जूनच्या मध्यावर भाचा माझ्या रिटर्नसाठी २६एएस बघत होता, म्हणजे माझ्या नावावर कोणी किती कर कापून भरला ते दाखवणारं प्राप्तिकर खात्याचं पान. म्हणाला, "मावशी, या लोकांनी तर तुला पैसे दिलेत की." दिले नव्हते. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या चारही बिलांवर दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापायचा कर, कापून तो माझ्या पॅनवर भरलेला दिसत होता. टीडीएस पैसे देताना किंवा हिशेबात रक्कम जमा दाखवताना, जे आधी होईल तेव्हा कापावा लागतो. म्हणजे वेंडर डेस्क मला 'पडताळणी प्रलंबित' सांगत होता आणि त्यांच्याच हिशेब खात्याने ती बिलं केव्हाच मान्य करून टाकली होती! १२० सेशनचे ८४,००० रुपये, त्यातले ८,४०० सरकारकडे माझ्या नावाने पोचलेले आणि उरलेले ७५,६०० कुठेच नाहीत.

दुसरी गोष्ट उद्यम नोंदणीची, म्हणजे लहान उद्योग म्हणून केंद्र सरकारकडे होणाऱ्या नोंदणीची. ती मी जानेवारी २०२४ मध्ये सहज म्हणून करून ठेवली होती. ऑनलाइन होते आणि फुकट होते. कोणी पैसे मागितले तर उठून यावं. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करारातले नव्वद दिवस त्यापुढे टिकत नाहीत. आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून तेव्हाच्या, १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या ४३बी(एच) कलमाने असे उशिरा दिलेले पैसे देणाऱ्या कंपनीला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नव्हते. भाचा म्हणाला, "तुझा प्रश्न तू वेंडरवाल्यांना विचारून राहिली आहेस. तो त्यांच्या ऑडिटरला पडू दे."

मग मी एकच मेल लिहिला, थेट त्यांच्या हिशेब खात्याला. २६एएसचं पान, उद्यमचं प्रमाणपत्र, वहीतल्या तारखा, आणि सहा ओळी. एकही विशेषण नाही. (पहिल्या मसुद्यात बरीच होती. ती भाच्याने खोडली.) उद्यमचा आधार फक्त नोंदणीनंतरच्या सेवांना मिळतो, नोव्हेंबर-डिसेंबर त्यात बसत नव्हते, तेही मी खरं ते लिहिलं. नवव्या दिवशी ७५,६०० खात्यात. ना फोन, ना तिकीट. मी रामदासपेठेत गाडी थांबवून मेसेज तीनदा वाचला.

मार्च-एप्रिलसाठी मात्र सप्टेंबर उजाडला. त्या वेळी लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर तक्रार टाकण्याची तयारी आहे एवढंच लिहिलं होतं, टाकावी लागली नाही. ५१ पैकी ४३ सेशनचे पैसे आले. आठ सेशनचे ५,६०० आलेच नाहीत, कारण त्या आठ वेळा कोणी तारे दिले नव्हते.

आता फीबद्दल, कारण विचारणारे सगळे तेच विचारतात. अठराशे हा आकडा मनात ठरवणं सोपं होतं, तो तोंडाने उच्चारणं अवघड. आरशासमोर सराव केला. पहिल्या नव्या क्लायंटला फोनवर "अठराशे" म्हटलं आणि लगेच स्वतःच "पण बघू आपण" असं जोडलं. समोरून "मॅडम, थोडं कमी करा नं" यायच्या आधीच मी कमी करायला बसलेली! जुन्या खासगी क्लायंटना तीन महिने आधी लेखी कळवलं, ते बरं झालं. काही गेले. जे गेले त्यातल्या दोघांचं अजून वाईट वाटतं. गुरुवारी दोन वेळा मी जुन्याच फीत ठेवल्या आहेत. त्या कोणाला द्यायच्या ते मी ठरवते, घासाघीस करणाऱ्याला मिळत नाहीत. सासूबाईंचं मत: "नुसतं बोलायचे अठराशे? माझ्याशी कोणीही फुकट बोलतं."

पॅनेलवरच्या क्लायंटचं काय, हा प्रश्न पैशांपेक्षा जड होता. करारात कलम होतं की सहा महिने त्यांना खासगीत घ्यायचं नाही. हे मी नोटीस देताना वाचलं, सही करताना वाचलं नव्हतं. करार हातात आला की दराचं पान नंतर बघा, सोडून जाण्याचं पान आधी. प्रत्येकाला निरोपाची दोन सेशनं दिली. पॅनेलवरच दुसऱ्याकडे जायचं की नाही ते त्यांच्यावर सोडलं, मेडिकलची, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची मानसोपचार ओपीडी सांगितली, आणि १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर कागदावर लिहून दिला. तो ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे आणि रात्रीही उचलतात. एका मुलाने तो कागद परत केला. "मला माहीत आहे, मीच टीमला पाठवतो," म्हणाला.

विम्याबद्दलही विचारतात. २०१७ चा तोच कायदा सांगतो की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं. पण बऱ्याच पॉलिसींत ओपीडीच नसते, तिथे माझी पावती काय करणार? मी पहिल्याच फोनवर सांगते की परतावा मिळेल असं धरून येऊ नका. पावती पूर्ण देते: नाव, तारीख, वेळ, रक्कम, आरसीआयचा नोंदणी क्रमांक. निदान मात्र क्लायंटने लेखी सांगितल्याशिवाय पावतीवर लिहीत नाही. आणि कंपन्यांत कार्यशाळा घेणार असाल तर जीएसटीचं आधी सीएला विचारा. नोंदणी लागण्याची वीस लाखांची मर्यादा मोजताना सगळी कमाई एकत्र धरतात, हे मला उशिरा कळलं.

जागा, क्यूआर, पाटी, आगाऊ पैसे, चोवीस तास आधी रद्द करण्याचा नियम, हे सगळं पंधरा दिवसांत झालं. एकच गंमत झाली. अठराशे घेतो तर खोली थंड हवी म्हणून मी मेमध्ये कूलर काढून एसी बसवला. पहिल्याच दिवशी बाहेर बसलेल्या बाई आत आल्या आणि संकोचून म्हणाल्या, "आधीच्यांचं सगळं ऐकू आलं हो." इतकी वर्षं माझ्या क्लायंटची गुपितं त्या कूलरच्या घरघरीने सांभाळली होती, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. एसी आतच आहे. कूलर आता बाहेर, प्रतीक्षेच्या खोलीत, दाराला पाठ लावून उभा असतो आणि डिसेंबरातही नुसता पंखा सुरू ठेवते. थंडीत लोक विचारतात तेव्हा खरं काय ते सांगते.

त्या आठ सेशनचं बिल मी वहीत चिकटवून ठेवलंय. भाचा म्हणतो, सोडून दे. दर १ तारखेला मी त्यांच्या हिशेब खात्याला एक मेल टाकते.